रस्ता कोणी खणला, तेवढं तरी सांगा

"थोडा त्रास सहन करा, विकास होतोय की!"

बेळगावात राहून हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. सलूनमध्ये ऐकलंय, रिक्षात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांकडून ऐकलंय. बोलणाऱ्याच्या दारातला रस्ता तेव्हा धड असतो, हे मी बघून ठेवलंय. मित्रांनो, त्रास सहन करायला आपली ना नाही. पाईप घालायची तर रस्ता उकरावाच लागतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. खरं किती दिवस, कुठल्या कामासाठी आणि कोणाच्या हुकमाने, हे आधी सांगा की! न सांगता उकरायचं, अर्धवट टाकून जायचं आणि विचारलं तर तोंड फिरवायचं, याला विकास कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मी वडगावचा. कॉलेज टिळकवाडीत. रोजची वाट नाथ पै सर्कल, शहापूर, गोवावेस आणि मग आरपीडी क्रॉस. गाडीवर पंधरा मिनिटं फार झाली. यंदा एका सोमवारी सकाळी निघालो तर मधेच मातीचा ढीग, ढिगात खोवलेली झाडाची फांदी आणि पलीकडे जेसीबी. फांदी म्हणजे बोर्ड! पुढे रस्ता बंद आहे हे फांदीवरून समजून घ्यायचं. आदल्या रात्रीपर्यंत गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. मागे वळावं तर मागून सिटी बस, तिच्या मागे येळ्ळूरकडून आलेला भाजीचा टेम्पो, शाळेच्या पोरांनी भरलेली रिक्षा. बस जागेवरच अडकली, बाकीचे सगळे एकदम शेजारच्या बोळात घुसले. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला घरांच्या पायऱ्या. समोरून येणाऱ्यांनाही रस्ता बंद असल्याचं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तेही त्याच बोळात. अर्धा तास कुणी हललं नाही.

पुढचे दोन महिने भाग्यनगर, अनगोळ असा वळसा. पंधरा मिनिटांची चाळीस झाली. सगळी गर्दी तिकडे वळल्यावर तिथले अंतर्गत रस्तेही महिन्याभरात उखडले. म्हणजे एक रस्ता खणला आणि दोन रस्ते गेले. त्या दोन रस्त्यांचा खर्च कुठल्या एस्टिमेटमध्ये धरलेला असतो, हे कुणीतरी मला दाखवावं.

काम कधी संपणार म्हणून जेसीबीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गोत्तिल्ला री." त्याचा राग येण्याचं कारण नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. मुकादम म्हणाला, आमच्याकडे फक्त खोदाई आहे, भरणी दुसऱ्याची. गल्लीतल्या जाणत्या माणसांनी एका ऑफिसला फोन केला तर ते काम आमचं नव्हे, पाण्याचं आहे. पाण्याच्या ऑफिसात गेले तर ड्रेनेजचं आहे. ड्रेनेजवाल्यांनी पुन्हा पहिल्याच ऑफिसचा नंबर दिला. आमच्या दारात खड्डा कोणी पाडला, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

याची किंमत कोण मोजतं ते बघा. ज्याच्याकडे चारचाकी आहे तो एसी लावून दहा मिनिटं जास्त बसतो. वडगाव, खासबाग, शहापुरात माग चालवणारी माणसं आहेत. सुताचं ओझं आणायचं, तयार साड्या व्यापाऱ्याकडे पोचवायच्या, हे सगळं हातगाडीवर नाहीतर स्कूटरवर. वळसा पडला की त्यांची एक फेरी कमी होते, आणि फेरी कमी म्हणजे त्या दिवसाची मजुरी कमी. पहाटे गावाकडून दूध घालायला येणारा माणूस अंधारात खड्ड्याचा अंदाज घेत येतो. रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराचं गिऱ्हाईक दोन महिन्यांत दुसरीकडे लागतं आणि रस्ता झाल्यावर ते परत येईलच असं नाही. रिक्षावाले मामा सरळ सांगतात, "वडगाव? वीस जास्त लागतील बघ." त्यांचं तरी काय चुकतं, पेट्रोल त्यांच्या खिशातलं आहे.

आता "अशी कामं अशीच चालतात" म्हणणाऱ्यांसाठी थोडा कायदा. राज्यशास्त्र शिकतोय, तर त्याचा एवढा तरी उपयोग.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ वाचा. एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालायचे तर राजपत्रात अधिसूचना लागते. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे महिन्याच्या आतलं काम असो की बाहेरचं, न सांगता रस्ता बंद करायची सोय कायद्यात कुठेच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ नावाची मार्गदर्शिका आहे, खास काम चालू असलेल्या रस्त्यांवरच्या वाहतुकीसाठी. तिच्यात कामाच्या जागेचे टप्पे पाडलेत. आधी सूचना देणारा भाग, मग वाहनं वळवणारा, मग प्रत्यक्ष काम, मग पूर्ववत रस्ता. रात्री दिसतील असे परावर्तक, दिवे, बॅरिकेड, गरज असेल तिथे झेंडेवाला माणूस, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. झाडाच्या फांदीचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने याच कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याच्या बांधकामात किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार अधिकारी, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. एका जिवाला जास्तीत जास्त एक लाख! तरीही कलम आहे. ते वापरायचं तर काम कोणाचं हे आधी कळायला हवं, आणि गाडी तिथेच येऊन अडते.

न्यायालयांनीही यावर बोलून झालंय. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की चांगले, खड्डे नसलेले रस्ते मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते. पुढे तेच कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, आणि जुलै २०१९ मध्ये त्यांच्या खंडपीठाने बेंगळुरूच्या महापालिकेला बजावलं की खराब रस्त्यामुळे इजा झालेल्या नागरिकांना भरपाई मागता येते, हे लोकांना जाहीर करून सांगा. म्हणजे हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे हा हक्क मान्य झालेला आहे. (आपल्यातल्या ज्यांना वाटतं की पलीकडे गेलं की खड्डे आपोआप बुजतील, त्यांनी पावसाळ्यात एकदा कोल्हापूर-सांगली रस्त्याने गाडी घेऊन जावं. मग बोलू.)

मग बेळगावात जाब कोणाला विचारायचा? इथेच खरी मेख आहे.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी देशातली पहिली वीस शहरं निवडली गेली, त्यात बेळगाव होतं. केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढेच राज्य व महापालिकेने घालायचे. पेढे वाटले होते लोकांनी. खरं हे पैसे खर्च करायला महापालिका नव्हती. योजनेच्या नियमाप्रमाणे एक वेगळी कंपनी निघाली, कंपनी कायद्याखाली, अर्धी मालकी राज्याची आणि अर्धी महापालिकेची. कंपनीला मतदार नसतात. तुमच्या गल्लीतला रस्ता ठरवणारा माणूस पाच वर्षांनी तुमच्या दारात मत मागायला येणारच नसेल, तर तो तुमचं का ऐकेल?

त्यात भर म्हणजे महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली. घटनेचं कलम २४३यू म्हणतं की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. आपल्याकडे निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ ला. ५८ वॉर्डांचे नगरसेवक निवडून आले आणि घरी बसले, कारण महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडावं लागलं. शहरभर कामं चालू होती ती हीच वर्षं. जवळजवळ चार वर्षं या शहरात असं सभागृह नव्हतं जिथे उभं राहून कुणी विचारेल की अमुक रस्ता का खणला, तमुक का थांबला. त्या काळात एक अधिकारी बदलून दुसरा येत होता. जाब विचारायची खुर्चीच रिकामी होती!

याचा परिणाम शहापूरकरांनी डोळ्यांनी पाहिलाय. बँक ऑफ इंडिया सर्कल ते जुना पी.बी. रोड हा रस्ता स्मार्ट सिटीत रुंद केला. काही जागा खासगी होती, ती रीतसर ताब्यात न घेताच त्यावरून रस्ता गेला. मालक कोर्टात गेला. प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, सुमारे २० कोटींच्या भरपाईचा विषय अंगावर आला, आणि २०२४ मध्ये महापालिकेवर जागा मालकाला परत द्यायची वेळ आली. वाचा पुन्हा. आपल्या करातून रस्ता बांधला आणि तो परत द्यावा लागला. खणताना आपण वळसा घातला, बांधताना वळसा घातला, आणि शेवटी परत केल्यावरही वळसा आपल्यालाच. कागद बघायचं काम कुणाचं होतं, हे विचारलं तर पुन्हा तेच, गोत्तिल्ला री.

शहराच्या वेशीवरचं हिंडलगेही विसरू नका. एप्रिल २०२२ मध्ये एका कंत्राटदाराचा उडुपीच्या लॉजमध्ये मृत्यू झाला. हिंडलग्यात सुमारे चार कोटींची कामं केली, बिल मिळत नाही, वर कमिशन मागितलं जातंय, अशी त्याची मरणापूर्वीची तक्रार होती. सरकारी बाजू म्हणाली, वर्क ऑर्डरच दिलेली नव्हती. मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. त्या प्रकरणात कोण खरं कोण खोटं यात मी शिरत नाही. मला फक्त एवढं दिसतं की एका गावात कोट्यवधींची कामं झाली आणि त्यांना ऑर्डर आहे की नाही यावरच वाद होता. गावातून रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही ते कळायचा मार्ग नव्हता. कामाच्या जागी ऑर्डर नंबर, रक्कम आणि तारीख लिहिलेला एक बोर्ड असता तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं असतं.

आता आपल्याकडे वळतो, आणि इथे काही जणांना राग येणार आहे.

आपण बोर्डाच्या भाषेवर लढतो. लढलंच पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांवर असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे १९५६ नंतर केंद्राने आणि राज्यांनी मिळून मान्य केलेलं संरक्षण आहे. बेळगाव तालुक्यात आपण १५ टक्क्यांच्या कितीतरी वर आहोत. वाहतूक वळवल्याची सूचना फक्त कन्नडमध्ये असेल तर कलम ११५ मधली ती ‘स्थानिक प्रसिद्धी’ झाली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? येळ्ळूरच्या आजीला जी सूचना वाचता येत नाही ती तिच्यासाठी लावलेलीच नाही. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आहे का हे बघायला ज्यांना माणसं मिळतात, त्यांना खड्ड्याच्या तोंडाशी एक बोर्ड लावायला माणूस मिळत नाही, हा राग माझाही आहे.

पण आपण भांडायला केव्हा जातो? बोर्ड लागल्यावर. कन्नडमध्ये लागला की फोटो, पोस्ट, निवेदन, दोन नेते, एक घोषणा. बोर्डच लागला नाही तर? तेव्हा कुणी येत नाही. दोन महिने आमच्याकडे फांदी होती, फांदीला भाषा नव्हती, म्हणून एकही निवेदन निघालं नाही. कंत्राटदाराला हे छान समजलंय. बोर्ड लावला तर भाषेवरून वाद होणार, आणि वर रक्कम, मुदत सगळं उघड होणार. मग लावायचाच नाही. त्याच खड्ड्यावरून आमच्या शेजारच्या कन्नड काकीही रोज साडी सावरत फळीवरून जातात. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नाही. भाषेच्या वादात दोन्हीकडचे पुढारी मोठे होतात आणि तोपर्यंत बिल पास होऊन जातं. आपल्या पुढाऱ्यांनी या प्रश्नावर भाषेपलीकडे जाऊन वर्क ऑर्डर दाखवा म्हणून कितीदा ठिय्या मारला, हे तुम्हीच त्यांना विचारा. मी विचारलं तर पोरगं शहाणं झालंय म्हणतात.

रस्ते वेळेत होऊ शकत नाहीत असंही नाही. गणपती जवळ आले की मिरवणुकीच्या मार्गावर एका रात्रीत खडी येते, रोलर येतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आधी तेच. डिसेंबरात सुवर्णसौधात अधिवेशन भरायचं असलं की पाहुण्यांच्या गाड्या जाणाऱ्या रस्त्यांवर पांढरे पट्टेसुद्धा उमटतात. म्हणजे माणसं आहेत, यंत्रं आहेत, डांबर आहे. तारीख ठरलेली असली की काम होतं. वडगावच्या माणसाला रोज कामावर जायचं असतं, ही काही त्यांच्या लेखी तारीख नाही.

म्हणून मागणी नेमकी करूया. खणायच्या आधी सात दिवस गल्लीच्या तोंडाशी बोर्ड हवा. काम कुठल्या खात्याचं, कंत्राटदार कोण, वर्क ऑर्डर नंबर, रक्कम, सुरू कधी, संपणार कधी, तक्रार कुणाकडे, आणि पर्यायी रस्त्याचा नकाशा. कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्हीत. पाणी, ड्रेनेज, गॅस, हेस्कॉम, टेलिफोन या सगळ्यांनी एका रस्त्यासाठी एकच वेळापत्रक करायचं, म्हणजे आज घातलेलं काँक्रीट चार महिन्यांनी केबलसाठी फोडायला नको. आणि तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असायला हव्यात असं घटनेचं कलम २४३एस सांगतं. तुमच्या वॉर्डाची समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे तुमच्या नगरसेवकाला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

लिहायचं कसं, हेही सांगतो, कारण इथे बरेच जण अडतात. साधी तक्रार किंवा निवेदन मराठीत देता येतं. घटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाणं मांडायला केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते. "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणाले तर कलमाचा नंबर अर्जावरच लिहा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, म्हणून तो अर्ज इंग्रजीत करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न लांबवू नका. वर्क ऑर्डरची प्रत, कामाची मुदत, मुदतवाढ दिली असल्यास तिचं पत्र आणि वाहतूक वळवण्याच्या आदेशाची प्रत. बस. आदेश नसेल तर तसं त्यांना लेखी द्यावं लागेल, आणि तो कागद दहा मोर्चांपेक्षा जास्त कामाचा आहे.

आमच्या गल्लीतल्या चौघांनी मिळून असा अर्ज टाकलाय, एकावर दोन रुपये पोस्टाचे जास्त लागले एवढंच. तुमच्या भागात, अनगोळ असो, खासबाग असो, खानापूर नाहीतर निपाणी असो, रस्ता उकरलेला असेल तर फोटो काढताना खड्ड्याबरोबर आजूबाजूची शंभर पावलंही घ्या. बोर्ड आहे की नाही ते त्यात दिसू द्या, तारीख टाका आणि इथे खाली लावा. ज्याला इंग्रजीत अर्ज लिहायला जमत नसेल त्याने मेसेज करावा, आम्ही लिहून देतो. शेजारच्या कन्नड काकींचाही आम्हीच लिहून दिलाय.